खूण मोडायची राहिली

सोलापूर
कार्तिक, बाजारचा मंगळवार, १९३३

बिरप्पा,

आशीर्वाद मागाहून. आधी हे सांग, ताटावर राग काढायची रीत तुला पुण्यात कुणी शिकवली? ताट वाढलेलं होतं. तुझ्यासाठी म्हणून मटणाचं कालवण केलं होतं. तू ट्रंक उचललीस आणि स्टेशनची वाट धरलीस. धुळा दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "वैनी, वकीलसाहेब गेलं की." मी म्हणलं, "जाऊ दे. भूक लागली की येतोय." तू आला नाहीस. पुण्याच्या गाडीची शिट्टी मी ऐकली आणि कालवण धुळ्याला घातलं. त्यानं चाटूनपुसून खाल्लं, हे तुला कळावं म्हणून लिहिते.

थोबाडीत मारली ती मारली. आई गेल्यावर तुला मी वाढवलं, तेवढा हक्क माझा आहे. पण कोर्टाच्या व्हरांड्यात, शिपाई-पक्षकारांच्या पुढ्यात मारायला नको होती, एवढं कबूल करते. तूही तसं चारचौघांत विचारायला नको होतंस. मी साक्ष देऊन खाली उतरते न उतरते तर तू म्हणतोस, "अक्का, गेल्या साली वैरागच्या बाजारात आपण आबाची मेंढरं विकली की. त्यांच्या खुणा मोडल्या होत्या का?" बाजूला फौजदार उभा. त्याच्या कानावर गेलं असतं तर त्यानं काय समजायचं होतं? की मायाक्काला आपली मेंढी ओळखता येत नाही?

पुस्तकांच्या नादात तुला विसर पडला असेल म्हणून सांगते. आपल्या आबाची खूण म्हणजे डाव्या कानाच्या टोकाला दोन काप, पाकोळीच्या शेपटीसारखे. मेंढरू विकलं की उजव्या कानाला एक आडवा काप मारायचा. म्हणजे खूण मोडली, ते आता आपलं नाही. आबा खूण मोडल्याशिवाय विकलेल्या मेंढराची दोरी सोडत नसे. मी त्याची लेक आहे. मी न मोडता विकीन?

आश्विनात आपल्या वाडग्यातून तीन मेंढ्या गेल्या. फौजदाराने यल्लाप्पाच्या खोपटामागून एक धरून आणली. डावा कान आपला, उजवा अख्खा. मग ती चोरीची नाही तर काय उडत आली? आणि यल्लाप्पा हा तारेतला माणूस. सरकारने त्यांची जातच चोराची ठरवून तारेच्या कुंपणात ठेवली आहे, सकाळ-संध्याकाळ हजेरी घेतात, पास असल्याशिवाय गावाबाहेर पाऊल टाकू देत नाहीत, ते काय उगीच? कोर्टात म्हणतो, "वैरागच्या बाजारात इकत घेतली. पास न घेता गेलतो, त्याची सजा द्या. चोरी न्हाय केली." सगळे हसले. मीही हसले.

मग मी कपाळाला भंडारा लावून, बिरदेवाचं नाव घेऊन सांगितलं की मेंढी माझी. त्याला दोन वर्षांची सजा झाली. दुसऱ्या कुणाला सहा महिन्यांवर सोडलं असतं, तारेतला म्हणून जास्त, असं कारकून म्हणाला. ते साहेबांनी बघावं. मेंढी मला परत मिळाली आहे. परसात बांधली आहे. गाभण आहे.

तुला वकील व्हायला पाठवला आहे, अक्काची उलटतपासणी घ्यायला नव्हे. अक्षर लागत नसेल तर दोष तुझा. तूच शिकवलंस.

मायाक्का


सोलापूर
मार्गशीर्ष, मंगळवार

बिरप्पा,

पत्र नाही. बरं.

घोंगडी खपतात. थंडी चांगली पडली आहे. धुळ्याला खोकला आहे. मी ठीक आहे, विचारलं असतंस तर हेच सांगितलं असतं.

परवा यल्लाप्पाची बायको आली होती. बनाबाई नाव तिचं. संध्याकाळच्या हजेरीच्या आत परत जायचं म्हणून धावत आलेली, दम लागलेला. दारात उभी राहून म्हणते, "मायाक्का, मेंढीला बगू का जरा?"

मी म्हणलं, "का? ती काय तुझी पाव्हणी हाय?"

"पयलटकरीण हाय ती. मी मीठ चाटवत हुते."

"माझ्या मेंढीला काय चाटवायचं ते मला कळतंय. निघ."

तिचा आवाज ऐकून मेंढी परसातून ओरडायला लागली. दावं ताणून खुंटा हलवला. मेंढरू कुणाच्याही आवाजाला ओरडतं, त्यात विशेष काही नाही. पण बाई तिथंच उभी. मला म्हणते, "त्येंनी तुरुंगातनं वरच्या कोर्टात अपील टाकलंय. वकील न्हाय. तुमचा भाऊ वकील हाय म्हणं?"

मी म्हणलं, "आजून न्हाय झाला. आन झाला तरी चोरांचा न्हाय व्हायचा."

असं मी बोलले. तुला आवडणार नाही. लिहिलं ते लिहिलं, कागद खोडून घाण करायची मला सवय नाही.

मंगळवेढ्याकडून कोंडीबा मेंढरं घेऊन आला होता. चहा पिऊन गेला. विशेष काही नाही.

एक विचारायचं आहे. बाजारात माझ्या शेजारी एक बाई बसते, तिची गोष्ट आहे. तू तिला ओळखत नाहीस. तिनं कोर्टात एक सांगितलं. सांगितलं तेव्हा तिला ते खरंच वाटत होतं. मागाहून दिसलं की तसं नव्हतं. आता कायदा तिला काय करतो? तिच्या घरात एक शिकणारं माणूस आहे. त्याच्या पुढच्या सनदेला यानं धक्का लागतो का, तेही लिही. तुमच्यात असलं शिकवत असतील की. शिकवत नसतील तर मास्तरांना विचार, पण नाव घेऊ नकोस. म्हणजे तिचं.

उत्तराची घाई आहे. तिला.

मायाक्का


सोलापूर
पौष, गड्ड्याच्या जत्रेच्या आधीचा मंगळवार

बिरप्पा,

तुझं कार्ड पोचलं. कार्ड का पाठवलंस? पुण्यात पाकिटं मिळत नाहीत? पोस्टमनने वाचलं, त्याने शेजारच्या तेलिणीला वाचून दाखवलं, आणि बाजारात येणारी जाणारी मला विचारते, "कोण गं मायाक्का ती बाई?" मी दोघीतिघींकडे बोट दाखवून वेळ मारून नेली. आता त्या दोघीतिघी माझ्याशी बोलत नाहीत.

तू लिहिलंस ते मला पाठ झालं आहे. "त्या बाईस सांगावे की, समजून उमजून खोटे सांगितले नसेल तर तो गुन्हा होत नाही. परंतु खरे कळल्यावरही ती जितके दिवस गप्प राहील, तितके दिवस तिच्या गप्प राहण्यापायी दुसरे कोणी तुरुंगात राहील. याला कलम नाही. हे तिने आपले आपण जाणावे. शिकणाऱ्या माणसास विचारले. आपल्या सनदेची काळजी तिने करू नये, असे तो म्हणतो." खाली नुसतं "बि." पूर्ण कार्डात अक्का हा शब्द कुठे नाही. मी उलटं करूनही बघितलं.

ती बाई मीच. तुला ठाऊक होतंच.

कोंडीबा नुसता चहा प्यायला आला नव्हता. दारात येऊनच ओरडला, "मायाक्के, तुझी लेकरं संबाळायची मजुरी दे!" त्याच्यामागं तीन मेंढ्या. आश्विनात त्याचा कळप आपल्या वाडग्यावरून गेला तेव्हा आपली तीन त्याच्यात मिसळून गेली होती. मंगळवेढ्याला लोकर कातरताना त्याला कान दिसले. आबाची खूण बघून त्याने ओळखलं, आणि एवढ्या लांबून घेऊन आला. हसत होता. मला म्हणाला, "बिरदेवानं खूण दिली म्हणून माल मालकाला पोचला, न्हाय तर काय!"

मी त्याला चहा दिला. मेंढ्यांचे कान एकेक धरून पुन्हा बघायला लागले, तर म्हणाला, "आगं, मजुरी नगं, गंमत केली."

तो गेल्यावर परसात जाऊन बसले. हरवली तीन, परत आली चार.

मग धुळ्याला बोलावलं. म्हणलं, "वैरागला कोकरांच्या खुणा मोडल्या हुत्यास का?"

तो घोंगडीची दशी ओढत बसला.

"धुळ्या, मी काय इचारतीय?"

"न्हाय मोडल्या."

"का न्हाय?"

"तूच घाई केलीस की वैनी. गाडी सुटंल, सोड दोरी, सोड दोरी. कातर गाठुड्यात बांधलेली हुती. मी म्हणलं, कान ऱ्हायलं. तू म्हणालीस, व्हय व्हय, चल."

"आन कोर्टात का बोलला न्हाईस?"

"मला कुणी इचारलं? बिरप्पानं तुला इचारलं, तर तू त्येच्या थोबाडीत दिलीस. मग मी कशाला तोंड उगडू?"

घाई कशाची होती ते तुला आजवर सांगितलं नव्हतं. तुझ्या कॉलेजात पैसे भरायचा शेवटचा दिवस आला होता आणि मनिऑर्डर सकाळी जायला पाहिजे होती. तू जिथं न्याय शिकतोस तिथली फी ती कोकरं आहेत. त्यातलंच एक वाढून परसात बांधलं आहे. तोंडावर काळा ठिपका आहे तिच्या. आता बघते तर मला तो ठिपका आठवतो. फौजदाराने आणली तेव्हा मी ठिपका बघितलाच नव्हता. कान बघितला आणि पुढं झाले.

जाऊन सांगायचं एवढंच उरलं आहे, हे मला कळतं. कार्ड येऊन किती दिवस झाले ते मी मोजत नाही. रोज सकाळी वाटतं, आज जाते. मग घोंगडी असतात, पाणी असतं, धुळ्याचा खोकला असतो. मी पोलिसाला भीत नाही असं सगळ्या बाजाराला सांगत असते. भिते. मार्शल लॉच्या वर्षी आपल्या गल्लीतनं धरून नेलेल्यांच्या बायका मी बघितल्यात. आणि भंडारा लावून बोलले होते, ते धनगरवाड्यात सगळ्यांनी ऐकलं आहे. आता कपाळ कुठं पुसू?

तू मला शिव्या तरी लिही. पाकिटातून.

मायाक्का


सोलापूर
पौष, गड्डा उठला, घोंगडी सगळी गेली

बिरप्पा,

मेंढी व्याली. पाट आहे, मादी कोकरू, अंगानं चांगली, तोंडावर आईसारखाच ठिपका. आपल्यात कोकरू पायावर नीट उभं राहिलं की कानाला खूण करतात, तुला माहीत आहे. मी कातर पाजळली. हळद कालवून ठेवली. धुळ्यानं कोकरू मांडीवर धरलं, डावा कान उलगडून माझ्यापुढं केला. पातळ, गुलाबी. त्यातून ऊन दिसत होतं.

"मार की वैनी. वळवळतंय."

मी कातर खाली ठेवली. म्हणलं, "कुणाची खूण मारू?"

धुळ्यानं कोकरू सोडून दिलं.

तशीच पायात वहाणा घालून तारेकडं गेले. आजवर लांबूनच बघितली होती. फाटकात शिपाई म्हणाला, "ए बाई, हितं कुटं?" मी म्हणलं, "माज्या ओळखीची बाई हाय आत." तो हसला. म्हणाला, "थांब मग. हजेरी चाललीय."

तारेपलीकडं सगळी उभी होती. म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, बाप्ये. कारकून एकेक नाव घेत होता. नाव घेतलं की माणसानं हात वर करायचा. मध्येच त्यानं हाक दिली, "यल्लाप्पा!" मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. बनाबाईनं हात वर केला आणि म्हणाली, "तुरुंगात." कारकून पुढं गेला.

हजेरी झाल्यावर ती तारेजवळ आली. मी आधी तेच विचारलं. "तो तुरुंगात हाय ते त्यास्नी म्हाईत न्हाय का?"

"म्हाईत हाय की. पर नाव पटावर हाय तवर हाक मारत्यात."

"रोज?"

"रोज. सकाळची एक आन ही एक."

बिरप्पा, मी घरात बसून घोंगडी, पाणी, खोकला म्हणत होते, तेव्हा त्या बाईला सकाळ-संध्याकाळ सगळ्यांदेखत ते एक सांगावं लागत होतं. मी तोंड उघडत नव्हते म्हणून तिला उघडावं लागत होतं.

मी म्हणलं, "मेंढी तुमची हाय. मी चुकले. वैरागला मीच इकली, खूण मोडायची ऱ्हायली."

मला वाटलं होतं ती रडेल, नाही तर शिव्या देईल. दोन्हीची तयारी होती. तिनं तसलं काही केलं नाही. तारेला हात धरून म्हणाली, "मला कशाला सांगताय? मी तर पयल्यापासनं जाणतीय. जितं बोललासा तितं जाऊन बोला."

"जाते."

"कवा?"

बघ, माझ्यावर दुसऱ्यानं घाई करायची पाळी आली. मी म्हणलं, "आत्ता." आणि तिथूनच सिद्धलिंगप्पा वकिलांच्या घरी गेले. ते पानसुपारी खात बसले होते. सगळं ऐकून म्हणाले, "बाई, आपली साक्ष आपणहून मागं घ्यायला आलेलं माणूस मी अजून बघितलं नाही. घरी कुणाशी भांडण झालं आहे का?"

मी म्हणलं, "झालंय. धाकट्या भावाशी. त्येचा ह्याच्याशी संबंध हाय."

त्यांनी हसून पान थुंकलं. मग हसू गेलं. म्हणाले, "सरकार उलट तुमच्यावरच खटला भरू शकतं, हे कळतं ना? मी तुमच्या बाजूनं उभा राहीन तर तुम्हाला गप्प बसायला सांगेन."

"माझ्या बाजूनं नगं. यल्लाप्पाच्या बाजूनं उभं ऱ्हावा."

त्यांनी वकीलपत्र घेतलं आहे. फीऐवजी दोन घोंगडी मागितली, काळी, जाड. बाजारची संपली होती, घरातली पांघरायची दिली.

मेंढीला मीठ चाटवते आहे.

मायाक्का


सोलापूर
माघ

बिरप्पा,

तारीख लागली. पुढचा सोमवार, जिल्ह्याचे न्यायाधीश. वकील म्हणतात, मला उभं करून विचारायला साहेब तयार आहेत. सरकारी वकील मला फाडून खाणार आहे, तेही सांगितलं. धनगरवाड्यात कळलं आहे. कुणी म्हणतं मायाक्काला तारेतल्यांनी पैसे चारले, कुणी म्हणतं करणी केली. धुळ्याचा सासरा येऊन म्हणाला, "एका चोरापायी भंडारा बाटवणार तू?" मी म्हणलं, "बाटवून झालाय मामा. आता धुवायला चाललेय." तो न जेवता गेला. माझ्या घरातून न जेवता जाणाऱ्यांची संख्या वाढत चालली आहे.

तू ये. तुझी परीक्षा जवळ आली आहे ते मला माहीत आहे. तरी ये.

पण माझ्याजवळ येऊन उभा राहू नकोस. तू जवळ दिसलास की माझा आवाज चिरकेल, आणि वकील होणाऱ्या भावानं शिकवून उभी केली असं सरकारी वकील म्हणेल. कोर्टात मागं बाकं आहेत. तारेतल्यांच्या शेजारी कुणी बसत नाही, तिथं जागा रिकामीच असते. गेल्या वेळी बनाबाई त्या आख्ख्या बाकावर एकटी बसली होती आणि मी समोरून बघून हसले होते. तिच्या शेजारी बस. बोलायला नको. नुसतं बस.

मायाक्का


सोलापूर
फाल्गुन

बिरप्पा,

तू आलास. बाकावर तिच्या शेजारी बसलास. खाली बघत होतास, मला तुझा भांग तेवढा दिसत होता. पुरला.

न्यायाधीशांनी मला विचारलं, "बाई, त्या वेळी मेंढी नीट का नाही बघितलीत?" सिद्धलिंगप्पांनी लांबलचक उत्तर शिकवलं होतं. मला एकही शब्द आठवला नाही. म्हणलं, "घाई हुती साहेब." सगळे हसले. मी मुद्दाम यल्लाप्पाकडं बघितलं. तो बेड्या घालून कोपऱ्यात उभा होता. तो हसला नाही. पहिल्या साक्षीला आम्ही सगळे हसलो होतो तेव्हा त्याला कसं वाटलं असेल ते मला त्या घटकेला कळलं.

पुढचं तू ऐकलंस. चोरीची सजा रद्द. पास न घेता गेल्याची सजा भोगून झाली असं धरलं. मला समज देऊन सोडलं. तुला खरं सांगते, मला काहीच झालं नाही याचं मला बरं वाटलं नाही. कितीतरी दिवस तो माणूस आत बसला आणि मला नुसतं "यापुढे जपून बोला" एवढ्यावर सोडलं. तुमच्या कायद्यात याला काही आहे का? नसेल तर तू वकील झालास की बघ.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी दोघं मेंढी न्यायला आली, पास घेऊन. मी त्यांच्यासमोर कातर काढली, मेंढीचा उजवा कान धरला आणि आडवा काप मारला. हळद लावली. कधीच मारायचा होता तो काप. ती ओरडली नाही एवढी मी ओरडले. मग कोकरू पुढं केलं. म्हणलं, "ह्येला तुमची खूण करून देते. कुटली करू?"

यल्लाप्पानं आपला अंगठा वर केला. सुटताना घेतलेल्या ठशाची शाई अजून निघाली नव्हती. म्हणाला, "आमची खूण सरकारजवळ हाय. ह्येचं कान ऱ्हाऊ द्या."

त्यानं कोकरू उचललं. बनाबाईनं दावं सोडलं. चहा घ्या म्हणलं, तर नको म्हणाली. माझ्याकडं बघितलं नाही. मी तिच्या जागी असते तर दगड घेऊन आले असते, म्हणून त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. वळणापर्यंत मेंढी तिच्या पुढं पुढं चालत होती.

आता शेवटचं. कोर्टातून बाहेर आल्यावर, त्याच व्हरांड्यात, तू माझ्याजवळ आलास आणि म्हणालास, "अक्का, भाकरी बांधून दे. पाचची गाडी हाय." तेवढंच. आणि मी खांबासारखी उभी राहिले. तुला वाटलं असेल अक्का रागात आहे. रागात नव्हते. मला तुरुंगात नेणार असं धरून मी सकाळी चूल पेटवलीच नव्हती. राख काढून चूल सारवून ठेवली होती, पीठ तेलिणीला देऊन टाकलं होतं, किल्ली धुळ्याकडं दिली होती. घरात खायला एक कण नव्हता. तू मागितलीस, तेही इतक्या महिन्यांनी, आणि मी तुला दुसऱ्यांदा उपाशी पाठवला. या वेळी तू रागावून नाही गेलास, दोष सगळा माझा.

तेलिणीचा जावई उद्या पुण्याला येतोय. त्याच्याजवळ गाठोडं देते आहे. शेंगाची चटणी आहे, वर लसूण जास्त घातला आहे. भाकरी कडक केल्या आहेत, दोन्हीकडून चांगल्या वाळवल्या आहेत. आल्या आल्या खा असं म्हणत नाही. मनात अजून काही असेल तर तसंच ठेव, घाई नाही. या भाकरी लवकर खराब होत नाहीत.

अक्का